कॅनव्हासला हात न लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आत्याचे तैलरंगातील व्यक्तिचित्र गेल्या आठवड्यात पूर्ण झाले. खाली सही करताना हे चित्र खरोखर माझे आहे, अशी खात्री मला प्रथमच वाटली आणि ती आपल्यामुळे वाटली, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी ज्या वर्गाला जात होते, तिथे छायाचित्रावर चौकटी आखून चेहरा उतरवायचा, त्वचेचा म्हणून मिळणारा तयार रंग सगळीकडे लावायचा आणि नाक-डोळे बिघडले की शिक्षकांनी स्वतः ब्रश घेऊन ते सुधारायचे, अशी रीत होती. प्रदर्शनात त्या चित्रांचे कौतुक होई; शिकणाऱ्याच्या हाती मात्र काहीच लागत नसे. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आपण पॅलेटवर पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), लाल आणि काळा एवढेच रंग ठेवले. आत्याच्या गालाखालची सावली मला तपकिरीच दिसत होती आणि माझा रंग मळत चालला होता. तेव्हा आपण काळ्यात ऑकर आणि थोडा पांढरा मिसळून हिरवट करडी छटा तयार केली, ती पॅलेट नाइफच्या (रंग मिसळायच्या बोथट सुरीच्या) टोकावर घेऊन आत्याच्या हनुवटीपाशी धरली (ती बिचारी जरा दचकलीच) आणि विचारले, “जुळते का?” ती तंतोतंत जुळत होती. मग ती छटा माझ्या चित्रावर लावण्याऐवजी आपण फडक्याला पुसून टाकली आणि नाइफ माझ्या हाती दिली.

सर, तयार झालेला अचूक रंग आपण पुसलात, यासाठी मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे. त्या दिवशी ती छटा मला स्वतःला मिसळावी लागली आणि त्यानंतर सावलीकडे मी पूर्वीसारखे कधी पाहिले नाही. सावली पातळ आणि उजेड जाड रंगात ठेवावा, हे आपण सांगितलेत, आणि पणजीला जाऊन चित्रकार आंजेला त्रिंदाद यांच्या वडिलांची, म्हणजे गोव्याचे चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रे जवळून पाहण्यासही सुचवलेत. स्वतःला येते ते दाखवण्याचा मोह आवरून दुसऱ्याला येईपर्यंत थांबणारी माणसे आहेत, म्हणूनच कोणतीही विद्या पुढे जाते.

तैलरंगातले जवसाचे तेल पूर्ण सुकायला अवधी लागतो, म्हणून वॉर्निश काही महिन्यांनी करीन. त्या दिवशी आपण घरी यावे, असा आत्याचाही आग्रह आहे.

आपली विद्यार्थिनी