कॉपर पावडर विरघळत नाही म्हणून माशांना सेफ?

संपादक साहेब, नमस्कार.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाची भीती सुरू झाली की आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड ही तांब्याची बुरशीनाशक पावडर मारली जाते, आणि ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकी धुतलेलं पाणी बऱ्याच ठिकाणी सरळ शेततळ्याकडे जातं. दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर, अहो हे काय पाण्यात लगेच विरघळणारं मोरचूद आहे का, ही पावडर पाण्यात विरघळतच नाही, तळाला बसेल, माशांना काय होतंय. मला याचा फार राग येतो, कारण त्याच तळ्यात लोकांनी रोहू-कटला सोडलेले असतात.

विरघळत नाही म्हणजे लगेच विरघळत नाही एवढंच. तळाला बसलेल्या पावडरीतून तांबं थोडं थोडं सुटत राहतं आणि जीव जातो तो या सुटलेल्या तांब्याने. मऊ, म्हणजे कमी क्षाराच्या पाण्यात डॅफ्नियासारखे बारीक जीव, जे माशांच्या पिल्लांचं खाणं आहे, ते लिटरला दहा-वीस मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग) तांब्यातच मरतात, आणि आपण टाकीत लिटरला अडीच-तीन ग्रॅम पावडर टाकतो! युरोपात हे औषध पाण्यातल्या जिवांसाठी सगळ्यात घातक वर्गात आहे ते उगाच नाही.

अशा धातूंच्या तपासणीची पद्धत ओईसीडी या देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2001 मध्येच दिलीय. लिटरला 1, 10, 100 मिलिग्रॅम पावडर टाकून पाणी सात दिवस हलवत ठेवायचं, 1 मिलिग्रॅमवालं 28 दिवस, मग गाळून खरंच किती धातू उतरला ते मोजायचं आणि त्याच धातूचा विरघळणारा क्षार किती प्रमाणात जीव मारतो त्याच्याशी तो आकडा ताडायचा. पावडर जितकी बारीक तितकं जास्त सुटतं, पाण्याचा पीएच उतरला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलं, तरी तेच. आमच्या विहिरीच्या जड पाण्यात तांब्याचा त्रास जरा कमी होतो, पण पावसाच्या पाण्याने भरलेल्या तळ्यात तो आधार नाही.

आपल्याकडे शेतकरी बघतो तो पाकिटावरचा रंगीत त्रिकोण, आणि तो रंग ठरतो उंदरांवरच्या विषारीपणावरून, माशांचा त्यात काही संबंध नाही. म्हणून कृषी खात्याला विनंती आहे की माशांचा इशारा मराठीत, मोठ्या अक्षरात पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापायला लावा आणि मत्स्यशेतीच्या शेततळ्यांत विरघळलेलं तांबं, पीएच आणि पाण्याचा जडपणा तिन्ही एकत्र तपासून द्या. आणि शेतकरी बंधूंनो, टाकीचं धुवण तळ्यापासून लांब, बागेतच फिरवा.

– एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक