लाइटबरोबरची गोळी कशासाठी, हे मराठीत सांगा

संपादक महोदय,
स. न.

एसटीत मी 31 वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. वेळापत्रक लावायचं आणि ते पाळायला लावायचं, हेच माझं काम. तरी माझ्याच घरात 7 दिवस संध्याकाळच्या गोळ्या चुकल्या आणि मला पत्ता लागला नाही. म्हणून हे पत्र.

माझ्या पत्नीचं पित्ताशय खड्यांमुळे दुर्बिणीने काढलं. काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर निघाला. मग दुसरं मोठं ऑपरेशन झालं, केमो झाली आणि शेवटी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात लाइटची, म्हणजे रेडिएशनची, 28 सिटिंग ठरली. सोमवार ते शुक्रवार रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरची लोकल. ऐरोली गेलं की ती डोळे मिटून बसायची, उतरायचं स्टेशन आलं की मी हात लावून उठवायचो.

लाइटबरोबर कॅपेसिटाबिन या केमोच्याच औषधाच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. सकाळी जेवणानंतर दोन, रात्री जेवणानंतर दोन. औषधाच्या खिडकीवर सांगितलं, ‘लाइटच्या दिवशी घ्या.’ एवढंच. फाइल सगळी इंग्रजीत. हिची समजूत अशी की केमो तर संपली, आता या ताकदीच्या गोळ्या असतील.

तिसऱ्या आठवड्यात तिचे तळहात लाल झाले. भाकरी थापताना पिठातलं कोमट पाणीसुद्धा चटके दिल्यासारखं लागायचं. गोळीमुळे होतंय हे तिने बरोबर ओळखलं, पण मला काही बोलली नाही. संध्याकाळची गोळी तेवढी सोडून दिली. एका रविवारी पोह्यांना फोडणी द्यायला मी मिसळणाचा डबा उघडला, तर मोहरीच्या वाटीखाली स्ट्रिपचे कापलेले तुकडे. 14 गोळ्या. मला तिच्यावर रागावता येईना. हात पुढे करून ती म्हणाली, ‘लाइट तर एक दिवस चुकवली नाही ना मी?’

सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. तिचे तळवे पाहिले, मलम दिलं, दोन दिवस गोळी थांबवून मग मात्रा कमी केली. चुकलेल्या गोळ्या दुप्पट घेऊन भरून काढायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. मग पहिल्यांदा आम्हाला कळलं की ती गोळी लाइटच्याच कामाची आहे.

मला जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. पित्ताशयाची जागा अडचणीची. वर यकृत चिकटलेलं, खेटून लहान आतडं, मागे उजवी किडनी. लाइटचा जोर हवा तेवढा वाढवला तर ही मंडळी भाजून निघतात. म्हणून जोर मर्यादेत ठेवायचा आणि कॅन्सरच्या पेशीच लाइटपुढे कमजोर करायच्या. लाइटने पेशीतला डीएनए तुटतो, पण पेशी तो पुन्हा जोडायला बघते. आमच्या डेपोत गाडी बिघडून आली तरी रात्रीत वर्कशॉप दुरुस्त करायचं आणि सकाळी ती फेरीला निघायची. सुटा भाग नसला की मात्र जागेवर उभी. ही गोळी शरीरात गेल्यावर तिचं फ्लुरोयुरॅसिल हे कॅन्सरवरचं औषध होतं आणि ते डीएनएला लागणारा असा एक सुटा भागच तयार होऊ देत नाही. हे औषध रक्तात फार वेळ टिकत नाही, म्हणून दिवसातून दोनदा. संध्याकाळची गोळी जास्तीची म्हणून दिलेली नसते.

हा इलाज सगळ्यांनाच लागू पडतो असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत पित्तनलिकेचा किंवा पित्ताशयाचा कॅन्सर असलेल्या, ऑपरेशन झालेल्या 79 रुग्णांना आधी केमो आणि मग हीच गोळी व लाइट एकत्र दिली होती. 2 वर्षांनी 65 टक्के हयात होते. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय नेमकं कशाचं ते त्यावरून सांगता येत नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी, ज्यांची गाठ आधी काढण्याजोगी नव्हती अशा 28 जणांना लाइटबरोबर दर आठवड्याला जेमसिटाबिन हे केमोचं दुसरं औषध दिलं, त्यातल्या 14 जणांची गाठ नंतर पूर्ण काढता आली. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. पण जे ठरवलं ते पोटात जातंय की मोहरीखाली, हेही कोणीतरी बघायला हवं.

प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी एक पान मिळावं, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीतही. हा आजार गंगेकाठच्या राज्यांत जास्त. लाइटच्या हॉलमध्ये आमच्या शेजारी बिहारहून आलेली एक बाई बसायची, तिच्या पिशवीत हीच स्ट्रिप होती आणि तिलाही ती कशाची ते ठाऊक नव्हतं. गोळी लाइटचा परिणाम वाढवण्यासाठी आहे, हे त्या पानावर पहिल्या ओळीत हवं. हातपाय लाल झाले, तोंड आलं, जुलाब लागले तर गोळी लपवू नका, त्याच दिवशी फोन करा, मात्रा कमी करता येते, हे हवं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि फॉलिक अ‍ॅसिड असलेली टॉनिकं मनाने घेऊ नका, हेसुद्धा. आणि खिडकीवर कोणीतरी ते एकदा वाचून दाखवावं. पाच मिनिटं लागतील.

उरलेल्या सिटिंगसाठी मी कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखला. गोळी घेतली की ती स्वतः खूण करायची, आणि हात दुखत असला तर त्याच चौकटीत ‘हात’ एवढंच लिहायची. त्या तक्त्याची झेरॉक्स मी रुग्णालयात देऊन आलो आहे. पण ते पान त्यांनी स्वतः, डॉक्टरांच्या सहीने द्यायला हवं.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, ठाणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)