निलेशवर नाही, विमा कंपनीवर

सातारा,
२२ फेब्रुवारी

चि. अभिजित,
अनेक आशीर्वाद.

परवा "आई, मला ती कोर्टाची भानगड नको" म्हणालास आणि फोन ठेवलास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागद तरी शेवटपर्यंत वाचशील.

भानगडीला तू भीत नाहीस, हे मला कळतं. अपघात झाला तेव्हा गाडी तुझा मित्र निलेश चालवत होता, हे खरं कारण. टेम्पोवाल्याने इंडिकेटर न देता लेन बदलली, पण निलेशचाही वेग जास्त होता. खंबाटकीच्या उतारावर तो नेहमीच जास्त असतो. पंचनाम्यात दोघांचंही आलंय. मित्रावर दावा कसा लावू, एवढंच तुझ्या मनात आहे ना?

अरे, एकतीस वर्षं मी कोर्टात याच फायली हाताळल्या. एमएसीपीत, म्हणजे अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात, गाडीचा मालक आणि ड्रायव्हर यांची नावं सामनेवाले म्हणून लागतातच, पण पैसे द्यायला उभी असते विमा कंपनी. त्यासाठीच निलेश दरवर्षी हप्ता भरतो. शिक्षेची फौजदारी केस वेगळी, ती तू दावा केलास म्हणून वाढत नाही आणि नाही केलास म्हणून मिटत नाही. तू नुसता बसलेला होतास, चूक दोघांपैकी कुणाची किती हे ठरवणं तुझं काम नाही. अशा वेळी पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते, वाटणी ते आपसात करतील.

एक गोष्ट मात्र आधी बघायला हवी. निलेशच्या गाडीचा फुल इन्शुरन्स आहे की नुसता थर्ड पार्टी? नुसता थर्ड पार्टी असेल तर आत बसलेल्या माणसाची जबाबदारी त्याची कंपनी घेत नाही. तसं असेल तर आपण टेम्पोच्या कंपनीच्याच मागे लागायचं, निलेशच्या खिशाला हात लावायचा नाही. त्याच्या लायसन्सची मुदतही विचार. ती संपलेली असली तर कंपनी तुला पैसे देऊन नंतर त्याच्याकडून वसूल करू शकते, आणि ते मलाही नको आहे.

टेम्पोमालकाचा माणूस हॉटेलात भेटून चाळीस हजार देतो म्हणाला, तडजोडीचा स्टॅम्पपेपर तयार आहे म्हणाला. सही करू नकोस. माझ्या टेबलावर एक ऊसतोड्या यायचा. पाय मोडल्यावर त्याने सात हजार घेऊन असाच कागद करून दिला होता, पुढे पाय कापावा लागला. कागद टिकला की नाही तो भाग वेगळा, पण उलटतपासणीत पहिल्यांदा तोच बाहेर आला. त्याचं तोंड मला अजून दिसतं.

आणि वेळ नाही. १९९४ नंतर कायद्यात मुदतच नव्हती, माणसं पाच-सात वर्षांनी यायची. दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२२ पासून, पुन्हा सहा महिन्यांची मुदत आली. अपघात ९ नोव्हेंबरचा, म्हणजे ९ मेच्या आत दावा दाखल व्हायला हवा. तो पुण्यातच कर, राहतोस तिथे करता येतो. साताऱ्यात अर्धं कोर्ट मला ओळखतं, मला तिथे आई म्हणून बसायचं नाही.

आकडा तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. तुझा पगार २८,००० म्हणजे वर्षाचे ३,३६,०००. वय २९, सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मांच्या केसमध्ये घालून दिलेल्या तक्त्यात त्या वयाला गुणक १७, म्हणजे वर्षाच्या कमाईला १७ ने गुणायचं. मनगटाच्या प्लेटमुळे कमाईची ताकद समजा २० टक्के गेली असं धरलं, तर ११,४२,४०० होतात. पुढची पगारवाढ, औषधपाणी, बुडालेला पगार वेगळा. पण डॉक्टरांच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटावरचे टक्के आणि कमाईचे टक्के एकच नसतात. सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटिंग करणाऱ्याचं उजवं मनगट गेलं तर ऑफिसात बसणाऱ्यापेक्षा नुकसान मोठं. म्हणून सुपरवायझरकडून तुझ्या कामाचं नेमकं वर्णन लिहून घे. हातात काय येईल ते मात्र न्यायाधीश ठरवतील, आत्ताच घराचा हप्ता मोजायला बसू नकोस.

कुणी म्हणेल पगार ४५,००० लिहून आणा. अजिबात नाही. बँकेचं स्टेटमेंट समोर आलं की तुझ्या खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. आणि "मिळतील त्याचे वीस टक्के" म्हणणारा वकील दिसला तर उठून ये, वकिलांना तशी फी घेणं नियमाने चालत नाही.

कोर्टात मी कधी कुणाला हे असं समजावून सांगितलं नाही. खुर्चीत असताना सांगायचंही नसतं. आता खुर्ची नाही.

डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत आणि औषधांची बिलं माझ्या कपाटात आहेत, साड्यांखाली. रविवारी ये, आणि निलेशलाही घेऊन ये. त्याला म्हणावं पॉलिसी आणि लायसन्स सोबत आण. दाव्यात त्याचं नाव लागणार आहे हे नोटीस जाण्याआधी मला त्याला समोर बसवून सांगायचंय. बिचारा नोव्हेंबरपासून आपल्याकडे आलेला नाही. थालीपीठं करते, त्याला आवडतात.

तुझी
आई