भाव वाढला, पण शेतात काय उतरले?

महोदय,

महामार्गालगत एकराचा भाव कोटीच्या घरात गेला, तरी पीककर्ज मिळते ते पीकनिहाय हेक्टरी दरानेच. चढा भाव शेतात उतरत नाही. उलट भावंडांतले वाटप अडवतो. सातबारावर सात-आठ नावे, आणि शहरातला एक हिस्सेदार भाव आणखी चढेल म्हणून सही देत नाही. विहीर, ठिबक, कर्ज, सगळे त्या सहीपाशी थांबते. उद्या हा तुकडा कोणाच्या वाट्याला जाईल हेच ठाऊक नसेल, तर कसणारा बांध घालणार नाही, शेणखतही टाकणार नाही. जमीन कस गमावते आणि घरची ज्वारी-तूर घटते.

सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. खरी चूक पुढे होते: वाटप कागदावर राहते, पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या हिश्श्याची जागेवरची मोजणी, होत नाही. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि वहिवाटीची वाट वाटपात लिहून घ्यावी. दहा फुटांच्या वाटेवरून दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

मोजणीची प्रकरणे खरिपाच्या पेरणीआधी निकाली काढण्यासाठी तालुकावार शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

– एक वाचक