ठाण्याला उतरलेल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितेय. गेल्या महिन्यात सीएसएमटीहून सुटलेल्या कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात तुमच्या शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन पुटपुटत बसलेली मुलगी, ती मी.

माझं रडगाणं आठवत असेल. स्टेजिंग सर्व्हरला (चाचणीसाठीचं दूरचं मशीन) एसएसएच करताना, म्हणजे माझ्या लॅपटॉपवरून त्यात लॉगिन करताना, कमांडमध्येच डॅश एल आणि 'डिप्लॉय' हे यूजरनेम दिलं की सरळ आत. तेच यूजरनेम एसएसएचच्या सेटिंग्जच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलं की 'परमिशन डिनाइड'. भायखळ्यापासून मी फाइलच्या तळाचा तो एकच ब्लॉक खोडून खोडून लिहीत होते. स्पेलिंग पाहिलं, स्पेस पाहिल्या, टर्मिनल बंद करून उघडलं. शेवटी तुम्हालाच राहवलं नाही. "फाइलमध्ये वरती काय आहे गं?"

वरती होतं 'होस्ट स्टार', म्हणजे सगळ्या सर्व्हरना लागू होणारा ब्लॉक, आणि त्याखाली माझं स्वतःचं यूजरनेम. कधीतरी मीच टाकून विसरलेलं.

"मग बरोबरच आहे," तुम्ही म्हणालात. "एसएसएचमध्ये पहिला रुमाल टाकेल तिची सीट. कमांडवर दिलेलं म्हणजे दादरहून रिटर्न बसून आलेल्या बायका, त्यांना कोण उठवणार? मग तुझी फाइल, वरून खाली. सगळ्यात शेवटी ईटीसी फोल्डरमधली, मशीनवरच्या सगळ्यांची सामायिक फाइल. सीट एकदा गेली की मागून येणारी उभीच."

मी म्हटलं, पण गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) तर नंतरचं जिंकतं! तुम्ही हसलात. गिट आधी मशीनची, मग होम फोल्डरमधली, मग रेपोमधली, म्हणजे त्या प्रोजेक्टची, फाइल वाचतं आणि नंतरचं आधीच्यावर चढतं. कमांडवर डॅश सी देऊन सांगितलेलं सगळ्यांच्या वर. म्हणजे कमांडचा मान दोन्हीकडे तोच. फायलींचा हिशेब मात्र उलटा. मी गिटचा नियम एसएसएचला लावत बसले होते. (एकाच माणसाने दिवसभर ही दोन्ही टूल्स वापरायची, आणि नियम असे. चिडायचं नाही तर काय?)

मग तुम्ही माझ्याकडून डॅश मोठा जी लावून कमांड चालवून घेतलीत. कनेक्शन न करताच सगळी ठरलेली सेटिंग्ज समोर आली, आणि 'यूजर'पुढे माझंच नाव. होस्ट स्टारचा ब्लॉक उचलून तळाशी नेला, पुन्हा तीच कमांड, आता 'डिप्लॉय'. मुलुंड आलं तशा तुम्ही दाराकडे सरकलात आणि गर्दीतूनच ओरडलात, "आयडेंटिटीफाइलचं तसं नाही हं! लॉगिनच्या चाव्या जेवढ्या लिहिशील तेवढ्या लावून बघतं!" आजूबाजूच्या बायका तुमच्याकडे बघतच राहिल्या.

परवा ऑफिसात एकाच्या कमिटवर (गिटमधल्या बदलाच्या नोंदीवर) भलताच ईमेल पडत होता. गिट कॉन्फिगला लिस्ट आणि शो-ओरिजिन लावलं. कुठली ओळ कुठल्या फाइलमधून येते ते दिसलं. रेपोतल्या फाइलमध्ये जुना ईमेल होता. दोन मिनिटांत काम झालं, आणि भाव मी खाल्ला.

मनापासून आभार, ताई. मी अजून तीच लोकल पकडते. दिसलात तर विंडो सीट तुमची.

तुमची,
घाटकोपर येईपर्यंत रडकुंडीला आलेली