सिझर म्हणजे सुटका नाही हो

संपादक साहेब,

माझ्या मुलीचं सिझर होऊन आज 12 दिवस झाले, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणते, कळा नाही सोसाव्या लागल्या, सुटलीस गं! अहो, पोट आणि गर्भाशय कापून बाळ काढतात, पाठीतल्या इंजेक्शनचा असर उतरला की साधं खोकताना पण टाक्यांवर उशी दाबून धरावी लागते, आणि उठायचं ते आधी कुशीवर वळून, हातावर जोर देऊन. घरी आणताना सिंहगड रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला पोरीच्या डोळ्यात पाणी येत होतं. 6 आठवडे तरी बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं. शेजारणी सांगतात दूध पाजतेस तर पेनकिलर नको, पण डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल चालते, दुखणं अंगावर काढायला लावू नका पोरींना. टाक्यातून पू किंवा पाणी आलं, ताप आला तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

एक आई, वडगाव बुद्रुक, पुणे