तबलेवाले काकांना, जरा उशिरानं

ती. काकांना सादर नमस्कार,

"माझं नाव कुठं छापायचं नाही," असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून इथं नुसतं काका. आपल्या संगीताच्या क्लासच्या मुलांना तेवढं पुरेल, त्यांच्यासाठी तुम्ही तबलेवाले काकाच आहात. पत्र मात्र चारचौघांत लिहितेय, त्याला कारण आहे. मे २०२१ मधला आमचा वर्षअखेरीचा ऑनलाइन कार्यक्रम ज्यांनी पाहिला, त्यांनी मुलांचं कौतुक केलं, माझंही केलं. तबल्याबद्दल मात्र एकच प्रश्न आला, "ठेक्यासाठी कुठलं अ‍ॅप वापरलंत?"

अ‍ॅप नव्हतं, काका होते. हे तेव्हाच मोठ्यानं सांगायला हवं होतं.

एप्रिलमध्ये कोरोनाचे निर्बंध पुन्हा लागले आणि हॉलचा विषय संपला. मग आपण साधा मार्ग धरला होता. तुम्ही तुमच्या घरी तबला लावून बसायचं, एका मुलीनं तिच्या घरून झूमवर भूप राग गायचा, मध्यलय तीनताल. तुमची सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची (फेरीची) पहिली मात्रा, तिच्याकडं उशिरा पोचायची. ती त्या समेवर अगदी बरोबर यायची, पण तिचा आवाज तुमच्यापर्यंत यायला आणखी उशीर. तुम्ही तिच्यासाठी थांबणार, ती तुमच्यासाठी थांबणार. दोन-चार आवर्तनांत लय पार मंदावली. मंचावर गाणारा आणि वाजवणारा दोन-तीन मीटरवर असतात, तेवढं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा लागत नाही. नेटवर त्याच्या कितीतरी पट वेळ जातो, आणि तोही दर वेळी सारखा नसतो. त्यात झूमला तानपुरा म्हणजे पंख्याची घरघर वाटायची. एकसारखा चालणारा आवाज दिसला की पुसून टाकायचा, एवढंच त्याला ठाऊक. ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्यावर तानपुरा परत आला, उशीर मात्र तसाच राहिला.

मग उरला एकच उपाय, ठेका आधी ध्वनिमुद्रित करून मुलांकडं पाठवायचा. तोही तबल्याच्या मशीनमधून काढून सगळ्यांना एकच धाडता आला असता, बरेच जण तेच करत होते. मशीनचा ठेका रियाजाला उत्तम, मी स्वतः रोज लावते. पण कार्यक्रमात ते मशीन गाणाऱ्याला ओळखत नाही. तुम्ही एकेका मुलाला फोन लावलात आणि म्हणालात, "मी वाजवणार नाही. तू नुसतं म्हणून दाखव." कोण मुखडा घाईनं उचलतं, कोण तानेनंतर श्वास घ्यायला अर्धी मात्रा जास्त मागतं, कोणाची लय घाबरल्यावर चढते, हे सगळं ऐकून घेतलंत. साथ करणारा वाजवता वाजवता ऐकत असतो. इथं ते शक्य नव्हतं, म्हणून तुम्ही ऐकण्याचं काम आधीच उरकलंत. मग प्रत्येकाला दोन फाइली आल्या. एक रियाजासाठी, सरळ ठेका. दुसरी ध्वनिमुद्रणासाठी, मुखड्याच्या आधी जागा सोडलेली, मधे एखादा छोटा तुकडा.

बहुतेकांचा सा पेटीच्या काळी चार नाहीतर पांढरी पाच या पट्टीत. एका चिमुरडीचा मात्र काळी पाच, म्हणजे आणखी वर. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, तेवढा चढवायचा म्हणजे त्याची पुडी, वरचं कातडं, फाटायची भीती, आणि दुकानं बंद, फाटली तर बसवून कोण देणार? आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं सुचवलं, काळी चारमध्ये वाजवा, कॉम्प्युटरवर सूर वर सरकवू. तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात, "डग्गापण सरकतो रे त्याच्याबरोबर." आणि हातोडी घेऊन बसलात. पुडी टिकली. टिकली नसती तर तुम्ही मला सांगितलंही नसतंत, याची खात्री आहे.

टाळीची युक्तीही तुमचीच. मुलाच्या एका कानात इअरफोन, त्यात ठेका. दुसरा कान मोकळा, नाहीतर स्वतःचा सूर कळत नाही. गाणं दुसऱ्या फोनवर मुद्रित करायचं. पहिलं आवर्तन रिकामं सोडायचं आणि त्याच्या समेवर एक टाळी द्यायची. गाणं आणि ठेका जोडणाऱ्यानं ती टाळी तुमच्या समेवर आणून ठेवली की गाणं जागेवर बसतं. सगळ्यांचं बसलं, फक्त रूपकवाला, म्हणजे रूपक तालात गाणारा, मुलगा अडला. "काका, रूपकात समेला टाळी नसते, खाली असते, मग टाळी कशी देऊ?" मला हसू आलं. तुम्ही मात्र त्याला शाबासकी दिलीत आणि चौथ्या मात्रेवर टाळी द्यायला सांगितलंत. जोडणाऱ्याला तसा वेगळा निरोपही धाडलात. दुसऱ्या कोणी "दे रे कुठंही" म्हणून विषय मिटवला असता.

आवाज स्वच्छ यावा म्हणून घराघरांतून पंखे बंद झाले, कुकर उशिरा लागले, कपाटांची दारं उघडून गाद्या भिंतीला टेकल्या. ते श्रेय पालकांचं. तबल्याच्या मुलांना लेहरा, म्हणजे तबल्यामागं फिरत राहणारी एकच सुरावट, मी धरला, आणि तो कणभरही पुढं पळू नये म्हणून तुम्ही फोनवर माझी शिकवणी घेतलीत, त्याबद्दल वेगळे आभार.

एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहिते. त्या वर्षी तुमची भजनं बंद, लग्नं बंद, मैफली बंद. साथीदाराला महिन्याचा पगार नसतो, हे आम्ही गाणारे सोयीनं विसरतो. कार्यक्रमपत्रिकेतही त्याचं नाव शेवटच्या ओळीत, लहान अक्षरात, आणि शेवटी नारळ. मी पाठवलेलं पाकीट तुम्ही परत केलंत, "पोरांचं काम आहे" म्हणून. तुमचा मान ठेवून तेव्हा गप्प बसले. पण हा पायंडा चांगला नाही, काका. मुलांनी हेही शिकायला हवं की ठेक्याला मोल असतं.

तेव्हा या वर्षीचं आत्ताच सांगते. कार्यक्रम हॉलमध्ये आहे, पत्रिकेत गाणाऱ्याच्या शेजारी, त्याच अक्षरात साथीदाराचं नाव येईल. ते छापू नका म्हणालात तरी ऐकणार नाही. पाकीट घ्यावं लागेल. आणि येताना मोठ्या तोंडाचा दायाँ आणा, तुमच्या रूपकवाल्याचा आवाज फुटलाय, तो आता काळी एकमध्ये गातो.

तुमची,
क्लासची ताई